हिवाळ्यात हीट पंपाचं गरम पाणी तिसऱ्या आंघोळीलाच संपतं? नवं मशीन घेण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. घरात पाच-सहा माणसं, गच्चीवर किंवा मागच्या बाल्कनीत २०० लिटरचा हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून टाकीतलं पाणी तापवणारं मशीन. एप्रिल-मेमध्ये त्याच्याकडे कुणी बघतही नाही, पावसाळाही निभावतो. डिसेंबर लागला की पहिल्या दोन आंघोळी कढत पाण्याने होतात, तिसऱ्याला कोमट येतं आणि चौथ्याला थेट गार. कंपनीचा माणूस येतो, पॅनेलवरचा आकडा बघतो आणि सांगतो, "मशीन ओके आहे, तुम्हाला दोनशे कमी पडतंय, तीनशेचं घ्या." काही जण घेतात. त्यातल्या काहींची तक्रार मिटते. बाकीच्यांच्या घरी पुढच्या डिसेंबरात तेच रडगाणं.

मुंबई-कोकणात हे फारसं होत नाही, कारण तिथे हवाही फार गार होत नाही आणि टाकीतलं पाणीही. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या भागांत मात्र दर हिवाळ्याला हा प्रश्न डोकं वर काढतो. साठ-सत्तर हजार किंवा त्याहून जास्त रुपयांचं मशीन बदलण्याआधी घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते घरच्या घरी शोधता येतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. त्यासाठी एक बादली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि पाण्यात बुडवता येईल असा साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. शेवटच्या एका तपासणीला क्लॅम्प मीटर (वायरमधला करंट मोजणारं उपकरण) असलेला इलेक्ट्रिशियन लागेल.

मशीनला मापं दोन असतात

दुकानात फक्त एकच माप बोललं जातं: लिटर. दुसरं माप किलोवॅटचं, म्हणजे मशीन तासाला किती उष्णता पाण्यात सोडतं ते. लिटर म्हणजे साठा आणि किलोवॅट म्हणजे आवक. गरम पाणी कमी पडतं तेव्हा या दोघांपैकी नेमकं काय कमी पडतंय हे कळल्याशिवाय टाकी मोठी करणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

जुनी सोय आठवा. तीन बाथरूम, प्रत्येकात २५ लिटरचा २ किलोवॅटचा गिझर. सकाळी तिन्ही चालू केले की ६ किलोवॅटची आवक. त्यांच्या जागी आलेल्या २०० लिटरच्या हीट पंपाचा कॉम्प्रेसर वीज घेतो साधारण ६०० वॅट आणि हवेतली उष्णता खेचून पाण्याला देतो २ किलोवॅटच्या आसपास. वीज वाचते ती इथेच. पण आवक एक तृतीयांशावर आली, आणि ती कसर साठ्याने भरून काढायची आहे. म्हणजे सकाळी सहाला टाकी पूर्ण भरलेली आणि पूर्ण तापलेली हवी. आंघोळी सुरू झाल्यावर मशीन धावत येऊन काही वाचवू शकत नाही.

पाणी कसं गार होतं ते आधी नीट पाहा

आधी फक्त निरीक्षण करा. पाणी शेवटपर्यंत चांगलं कढत येतं आणि मग दोन-तीन मिनिटांत गार पडतं का? तर साठा संपतोय. पहिल्या माणसालाच कोमट मिळतं का? तर टाकी तापलेलीच नाही, किंवा वाटेत गार पाणी मिसळतंय. आंघोळ चालू असताना गरम-गार-गरम असा खेळ होतो का? मग तो दाबाचा घोळ आहे, मशीनच्या मापाशी त्याचा संबंध नाही.

आता पहाटे, कुणी नळ उघडण्याआधी, टाकीच्या सगळ्यात जवळच्या नळाला फक्त गरम बाजू उघडा. पाइपातलं गार पाणी वाहून गेलं की बादली भरून थर्मामीटर बुडवा आणि पॅनेलवरचा आकडा वाचा. पॅनेल ५५ म्हणतंय आणि बादलीत ५२-५३ आहे, तर ठीक. पॅनेल ५५ आणि बादली ४४, तर मशीनच्या मापाचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

वाटेत घुसणारं गार पाणी

या दोषाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि बंगले, रो-हाउसमध्ये तो सर्रास असतो. गार लाइनवर प्रेशर पंप असतो. गरम लाइनवर मात्र नुसता गच्चीवरच्या टाकीचा दाब. ज्या मिक्सर नळाला किंवा डायव्हर्टरला (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा) दोन्ही लाइन मिळतात तिथे जास्त दाबाचं गार पाणी गरम लाइनमध्ये उलटं घुसतं. पुण्यातल्या एका रो-हाउसमध्ये वरच्या मजल्यावर, फारशा न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये हँड शॉवर टांगलेला होता. गरम आणि गार दोन्ही नळ पूर्ण उघडे, पाणी फक्त शॉवरच्या मुठीवरच्या खटक्याने बंद केलेलं. बाहेर थेंबही पडत नव्हता, आणि आतून दिवसरात्र गार पाणी गरम लाइनमध्ये ढकललं जात होतं. दोन नळ हाताने बंद केले आणि खालच्या मजल्यावरचं कोमट पाणी दुसऱ्या दिवशी कढत झालं.

तपासायची रीत सोपी आहे. टाकी बंद प्रकारची, म्हणजे दाबाखाली असेल तर तिचा गार पाण्याचा इनलेट व्हॉल्व्ह बंद करा, आणि हीटरचं बटण आधी बंद केलेलं असू द्या. मग घरातला एक गरम नळ उघडा. थोड्या वेळात धार थांबायला हवी. धार वाहतच राहिली तर ते पाणी टाकीतून येत नाहीये, दुसऱ्या कुठल्यातरी मिक्सरमधून गार लाइन पाझरतेय. एकेक बाथरूमचा अँगल व्हॉल्व्ह बंद करत जा, चोर सापडतो. कायमचा उपाय म्हणजे दोन्ही लाइनना एकाच पंपाचा दाब देणं आणि मिक्सरच्या तोंडाशी पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवणं. प्लंबरचं अर्ध्या-एक दिवसाचं काम.

प्रेशर पंप टाकीलाही जोडलेला असेल तर त्याचा आणखी एक त्रास. गार पाणी टाकीच्या तळाशी हळू यायला हवं, म्हणजे वरचा गरम थर तसाच राहतो आणि तुम्हाला शेवटपर्यंत कढत पाणी मिळतं. जोराने घुसलेलं पाणी सगळी टाकी ढवळून काढतं. मग ५५ अंशांचं शंभर लिटर उरण्याऐवजी ३८ अंशांचं दोनशे लिटर उरतं, आणि त्यात विसण घालायला जागाच राहत नाही.

शॉवर बदललाय का?

शॉवरखाली बादली धरा आणि स्टॉपवॉच लावा. २० लिटरची बादली अडीच मिनिटांत भरली तर मिनिटाला ८ लिटर, हे ठीक. सव्वा मिनिटात भरली तर १६ लिटर. मोठ्या ताटाएवढा रेन शॉवर आणि मागे प्रेशर पंप अशी जोडी असेल तर हा आकडा सहज येतो. सात मिनिटांच्या आंघोळीला एकाने ५६ लिटर घेतलं आणि दुसऱ्याने ११२. घराचं नूतनीकरण झालं, शॉवर बदलले आणि त्याच हिवाळ्यात हीट पंप "लहान" झाला, अशी घरं मी बरीच पाहिली आहेत. शॉवरमध्ये बसवायची फ्लो कमी करणारी चकती काही शे रुपयांत येते.

पाइपाचंही पाहा. गच्चीवरून तळमजल्यापर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसीचा (गरम पाण्यासाठीच्या प्लॅस्टिकचा) २० मीटर पाइप असेल तर त्यात साधारण ५ लिटर पाणी मावतं. दोन आंघोळींत तास-दीड तासाचं अंतर पडलं की तेवढं पाणी दर वेळी पाइपात थंड होऊन वाया जातं. पाइपाला इन्सुलेशन चढवा, आंघोळी पाठोपाठ उरका. गरम पाणी फिरवत ठेवणारा छोटा पंप चोवीस तास चालू असेल तर त्याला टायमर लावा, नाहीतर तो रात्रभर टाकी गार करत बसतो.

हवा कुठून घेतं?

२ किलोवॅट उष्णता देणारं आणि ०.६ किलोवॅट वीज घेणारं मशीन उरलेली १.४ किलोवॅट उष्णता आजूबाजूच्या हवेतून घेतं. तेवढी ती हवा गार होते. मशीन काचेने बंद केलेल्या बाल्कनीत किंवा अरुंद डक्टमध्ये असेल तर स्वतःच गार केलेली हवा ते पुन्हा ओढतं. मशीन चालू होऊन अर्धा तास झाला की थर्मामीटर हवा आत जाते त्या जाळीपाशी धरा, मग गच्चीवर मोकळ्यावर धरा. फरक दोन-तीन अंशांहून जास्त असेल तर जागा चुकलीय. काच उघडा, जाळीसमोरची सायकल आणि रिकामी खोकी हलवा, जमलं तर गार हवेला बाहेर काढणारा डक्ट जोडा.

गार पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. निफाडसारख्या ठिकाणी पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा मशीनच्या हवेतून उष्णता घेणाऱ्या कॉइलवर दंव गोठतं. मशीन मधेच पाणी तापवणं थांबवून आधी बर्फ वितळवतं. तो बिघाड नव्हे, पण तेवढा वेळ आवक शून्य. द्राक्षपट्ट्यात किंवा महाबळेश्वरला मशीन घेणाऱ्याने हे धरूनच माप काढायला हवं.

क्षार आणि कॉइल

बोअरचं पाणी असेल तर टाकीच्या आत बुडवलेल्या, पाण्याला उष्णता देणाऱ्या कॉइलवर पांढरा थर चढतो आणि उष्णता पाण्यात जायला वेळ लागतो. ओळखायची खूण: त्याच महिन्यात, तेवढ्याच अंशांसाठी, गेल्या वर्षीपेक्षा जास्त तास लागतात. म्हणून मशीन नवं असतानाच एकदा वेळ लिहून ठेवावी. काही मशीनमध्ये कॉइल टाकीच्या बाहेरून गुंडाळलेली असते, तिथे हा त्रास फार कमी. टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड मात्र दोन्ही प्रकारांत झिजतो आणि तो वेळेवर बदलला नाही तर टाकीच गंजते.

आता खरं माप काढू

वरचं सगळं ठीक निघालं, तरी पाणी कमी पडतंय, असं समजा. मग हिशोबाला बसायचं. सूत्र एकच आहे: लिटर गुणिले वाढवायचे अंश गुणिले १.१६ भागिले १०००, म्हणजे लागणारी उष्णता युनिटमध्ये. एक युनिट म्हणजे १ किलोवॅटची तासभराची आवक.

पाच माणसांचं पुण्यातलं घर घेऊ. आजी-आजोबा बादलीने आंघोळ करतात, प्रत्येकी २५ लिटर. बाकी तिघं शॉवरखाली, मिनिटाला ८ लिटर, सात मिनिटं, म्हणजे प्रत्येकी ५६. स्वयंपाकघरात सकाळी वीसेक लिटर. एकूण साधारण २४० लिटर, आंघोळीच्या तापमानाचं, म्हणजे ४० अंश. जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १८ अंश धरू. हा आकडा माझा घेऊ नका, तुमच्या टाकीत थर्मामीटर बुडवून तुमचा घ्या. काळ्या प्लॅस्टिकची टाकी आणि सिमेंटची टाकी यांतही फरक पडतो.

उष्णता: २४० × २२ × १.१६ ÷ १००० = ६.१ युनिट.

आता या २४० लिटरमध्ये टाकीतलं गरम पाणी किती आणि विसण किती? टाकी ५५ अंशांवर असेल तर गरम पाण्याचा वाटा (४० वजा १८) भागिले (५५ वजा १८), म्हणजे २२ भागिले ३७, म्हणजे १४३ लिटर. २०० लिटरच्या टाकीतून तापमान न पडता साधारण ८० टक्के, म्हणजे १६० लिटर काढता येतात. पुरतं.

हाच हिशोब टाकी ५० अंशांवर ठेवून करा. गरम पाणी लागतं १६५ लिटर. मिळतात १६०. शेवटच्या माणसाला कोमट. ४५ अंशांवर ठेवलं तर लागतात १९६, म्हणजे एक अख्खी आंघोळ गार. आणि तीच टाकी उन्हाळ्यात, पाणी २८ अंशांचं आणि आंघोळ ३८ अंशांची असताना, ५० अंशांवरही १०९ लिटरमध्ये सगळ्यांना पुरते. उन्हाळ्यात वीज वाचावी म्हणून कुणीतरी आकडा ५० किंवा ४५ वर आणून ठेवतं, ५० पर्यंत ते बरोबरही असतं, आणि डिसेंबरात तो वर करायचं राहून जातं. मापाच्या तक्रारींतली मोठी संख्या या एका बटणाशी मिटते. आकडा वाढवला की मशीनला प्रत्येक युनिटमागे थोडी जास्त वीज लागते हे खरं, पण ते दोन-अडीच महिन्यांपुरतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर आधी विसण, मग गरम हा क्रम घरात सगळ्यांना सांगून ठेवा. ५५-६० अंशांचं पाणी भाजतं.

माणशी ५० लिटर हा दुकानातला नियम म्हणून अगदी चुकीचा नाही. पाच माणसांना तो २५० सांगतो. पण पाणी किती अंशांवर, गार पाणी किती अंशांचं, यातलं काहीच तो विचारत नाही, म्हणून एकाच आकड्यावर एका घरी जास्त होतं आणि दुसऱ्या घरी कमी पडतं.

वेळेचा हिशोब

साठा पुरतो हे कळलं. आवक पुरते का? मशीनवर छापलेली क्षमता बहुधा २० अंशांच्या हवेतली असते. समजा ती २.२ किलोवॅट आहे. जानेवारीतल्या पहाटे पाच वाजता हवा १० अंशांची असते, तेव्हा तेच मशीन दीड किलोवॅटच्या आसपास येऊ शकतं. दुपारी तीनला, २८ अंशांच्या हवेत, ते छापील आकड्याच्याही वर जातं. एकाच दिवसात, एकाच मशीनची आवक इतकी बदलते, आणि याचा फायदा घेणारी घरं फार थोडी.

सगळी २०० लिटरची टाकी १८ वरून ५५ वर न्यायला ८.६ युनिट उष्णता लागते. पहाटेच्या हवेत त्याला पावणेसहा तास, दुपारच्या हवेत साडेतीनच्या आत-बाहेर. आता बहुतेक घरांतला टायमर बघा: पहाटे पाच ते आठ. गिझरच्या काळात लागलेली सवय. आदल्या संध्याकाळी मुलांची खेळून आल्यावरची आंघोळ, ऑफिसातून आलेल्याची आंघोळ, रात्रीची भांडी यांत अर्धी टाकी गेली. पाचला मशीन सुरू झालं, सहापर्यंत दीड युनिट उष्णता आली, म्हणजे ३५ लिटर पाणी ५५ वर. तिसऱ्या आंघोळीला कोमट पाणी येणं अगदी साहजिक आहे.

या घरात टायमर असा लावावा: दुपारी १ ते ५ पहिली पाळी आणि मध्यरात्रीनंतर २ ते ६ दुसरी. दुपारी टाकी पूर्ण तापते. चांगल्या इन्सुलेशनच्या २०० लिटर टाकीतून दिवसाला दीड युनिटच्या आसपास उष्णता झिरपते, म्हणजे चोवीस तासांत सहा-साडेसहा अंश. दुपारपासून पहाटेपर्यंत चारेक अंश उतरतात, आणि संध्याकाळच्या वापराची भर दुसऱ्या पाळीत पडते. पूर्ण दिवसाचा हिशोब: सकाळचे ६.१, संध्याकाळच्या अर्ध्या टाकीचे ४.३, झिरपलेले १.५, मिळून साधारण १२ युनिट उष्णता. मशीनला सहा-सात तास चालावं लागतं. दिवसाला चोवीस तास असतात. या घराला मोठं मशीन लागत नाही, फक्त टायमर दुरुस्त व्हायला हवा.

इथे क्लॅम्प मीटर उपयोगी पडतो. मशीनच्या फेज वायरवर लावला की फक्त कॉम्प्रेसर चालू असताना तीनेक अँपिअर दिसतात. ९-१० दिसले तर आतला दीड किलोवॅटचा बॅकअप हीटरही पेटलाय. पाणी लवकर तापावं म्हणून काही जण तो कायमचा चालू करून ठेवतात. मग पाणी पुरतं, पण हीट पंपाच्या नावाखाली घरात गिझरच चाललेला असतो आणि ते वीजबिलात दिसतं. हीटर बंद ठेवा, टायमर सुधारा, आणि पाहुणे असतील त्या दिवसापुरताच तो लावा.

मोठं मशीन खरंच कधी लागतं

अकरा माणसांचं एकत्र कुटुंब, सकाळी ५०० लिटर आंघोळीचं पाणी. उष्णता १२.८ युनिट, ५५ अंशांचं गरम पाणी जवळजवळ ३०० लिटर, म्हणजे टाकी पावणेचारशे-चारशेची. दीड किलोवॅटच्या आवकेने फक्त सकाळच्या पाण्यालाच साडेआठ तास लागतील, आणि संध्याकाळचं वेगळंच. इथे दोन्ही मापं कमी आहेत. एक ४ किलोवॅटचं मशीन आणि ४०० लिटरची टाकी असं करता येतं. मी मात्र २०० लिटरची दोन मशीनं समांतर जोडायला सांगतो. एक बिघडलं तर घर अडत नाही, आणि एप्रिल ते जून एक बंद ठेवता येतं. फक्त दोन्हींना जाणाऱ्या-येणाऱ्या पाइपांची लांबी सारखी हवी, नाहीतर एक टाकी रिकामी होते आणि दुसरी तशीच भरलेली राहते.

"असू दे थोडं मोठं" हा सल्ला टाकीच्या बाबतीतही महागात पडतो. दोन माणसांच्या घरात ३०० लिटरची टाकी ठेवली की दिवसभर उष्णता झिरपत राहते आणि पाणी न वापरता पडून राहतं. लिजिओनेला नावाचा जिवाणू साधारण २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून मोठी टाकी ४५ वर ठेवून वीज वाचवणं धोक्याचं आहे. आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांवर न्या. बऱ्याच मशीनमध्ये तशी सोय असते.

किलोवॅट जास्त आणि टाकी लहान ही जोडी आणखी वाईट. टाकीचं पाणी ५ अंश उतरल्यावर मशीन सुरू होतं असं धरा. २०० लिटरला ५ अंश म्हणजे १.१६ युनिट. २ किलोवॅटचं मशीन ते पस्तीस मिनिटांत भरून काढतं. ७ किलोवॅटचं दहा मिनिटांत भरतं आणि बंद पडतं, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. कॉम्प्रेसर झिजतो तो अशा सततच्या चालू-बंदने.

घरात आधीच सोलर असेल तर

गच्चीवर सोलर वॉटर हीटर चांगला चालत असेल तर हीट पंपाचं माप जानेवारीवर काढायचं कारण नाही. पुण्यात जानेवारीत आकाश निरभ्र असतं, सोलर तेव्हा काम करतं. अडतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, आठ-आठ दिवस ऊन नसताना. त्या दिवसांत टाकीतलं पाणी २४ अंशांच्या आसपास आणि हवाही उबदार, दमट, म्हणजे हीट पंपाला अगदी मानवणारी. वरच्याच पाच माणसांना तेव्हा सकाळी ६.१ ऐवजी ४.५ युनिट उष्णता लागते. सोलरमधून निघालेलं पाणी हीट पंपाच्या टाकीत सोडा आणि लहान मशीनवर भागवा. अशा घरांना ३०० लिटरचं मशीन विकलं जातं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

दिवाळीची पहाट

नरक चतुर्दशीला घरात बारा माणसं, सगळ्यांना उटणं लावून सूर्य उगवायच्या आत अभ्यंगस्नान, आणि तेही भरपूर कढत पाण्याने. त्या एका पहाटेसाठी बरेच जण माप वाढवतात. तसं करू नका. एका बाथरूममधला जुना गिझर काढून न टाकता तसाच ठेवा. आदल्या संध्याकाळी टाकी ६० वर न्या, हीटरही लावा. दिवाळीत पाणी अजून जानेवारीइतकं गार झालेलं नसतं, त्यामुळे २०० लिटरची टाकी आणि एक गिझर मिळून हे निभावतं.

घ्यायचंच ठरलं, तर विक्रेत्याला काय विचाराल

लिटर विचारू नका, ते तो सांगेलच. १० अंशांच्या हवेत मशीन किती किलोवॅट उष्णता देतं ते विचारा, आणि नाशिक-निफाडकडचे असाल तर ७ अंशांच्या हवेतलं. कंपनीच्या तांत्रिक पत्रकात हवेचं तापमान आणि क्षमता यांचा तक्ता असतो, तो मागून घ्या. फक्त वीज किती घेतं ते सांगून काही कळत नाही. तक्ता नसेल तर दुसरा प्रश्न: त्या हवेत बॅकअप हीटर न लावता २०० लिटर पाणी १५ वरून ५५ वर न्यायला किती तास? त्याला लागते ९.३ युनिट उष्णता. उत्तर सहा तास आलं तर मशीन १.५५ किलोवॅटचं. चार तास आलं तर २.३ चं. हे उत्तर कोटेशनवर लिहून घ्या, आणि मशीन बसल्यानंतरच्या पहिल्या थंडीत, पहाटे, घड्याळ लावून पडताळा. तेव्हा ते वॉरंटीत असेल.